वर फोटो माझा, खाली वर्णन त्याचं

माझ्या नवऱ्याचा जन्मात एकच फोटो निघाला आणि त्यात नवरा दिसत नाही.

लोकांना ही थट्टा वाटते. थट्टाच होती, फक्त ती माझ्या गळ्यात बांधली गेली. सासूची आधीची दोन लेकरं जगली नव्हती. हा तिसरा, एकुलता एक, म्हणून तिनं त्याला नजरेपासून जपलं आणि फोटोपासूनही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, हे तिच्या डोक्यात पक्कं. आमच्या लग्नात माझ्या दादानं भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरहून फोटोवाला आणला. दादा तिथल्या फॅक्टरीत कामाला होता, क्वार्टरमध्ये राहायचा, त्याला असल्या हौसा फार. फोटोवाला म्हणाला, नवरदेवाचं बाशिंग जरा वर करा. सासू आडवी आली. सगळे विधी होईपर्यंत बाशिंगाला हात लागायचा नाही म्हणजे नाही. शिंदीच्या पानांचं ते भलंमोठं बाशिंग, त्याच्या माळा थेट हनुवटीपर्यंत. माझंही तसंच होतं, पण माझं कपाळ ठणकत होतं म्हणून मी ते सरळ मागं सारलं. माहेरी मला आगाऊ म्हणत, ते काही उगीच नाही. तर फोटोत मी लख्ख, डोळे वटारून, आणि माझ्या शेजारी एक झुडूप.

लग्न होऊन मी पवनी तालुक्यात आसगावला नांदायला आले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सासरे आधीच वारलेले. घरात सासू, नवरा आणि मी. नवरा कमी बोलायचा. सासूसमोर त्यानं माझ्याशी बोलायचं नाही, मी मान वर करून त्याच्याकडे पाहायचं नाही, अशी रीत, आणि घर एवढंसं की सासू समोर नाही अशी वेळ शोधूनच काढावी लागे. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपली आणि एका सकाळी तो आईला म्हणाला, पाण्याचा पितळी गुंड गळून राहिला, भंडाऱ्याला जाऊन डाक लावून आणतो. हंड्याएवढा तो गुंड खांद्यावर घेऊन तो बसमध्ये चढला, हे गावातल्या चार जणांनी पाहिलं. भंडाऱ्याला उतरला, हे कोणीच पाहिलं नाही. त्या दिवसापासून नवराही नाही आणि गुंडही नाही.

शोधायचं म्हणजे काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं होतं? दादा भंडाऱ्यातल्या पितळी भांड्यांच्या एकेका दुकानात विचारून आला. ठाण्यात तक्रार दिली, तिच्यावर सासूचा अंगठा. मग कोणीतरी एका देवऋषीकडे नेलं. तो म्हणाला, पाण्यात पाहा. झालं, गावच्या ढिवरांनी तलावात जाळं फिरवलं. मी काठाच्या पाळीवर उभी होते आणि गावच्या बायका तलावाकडे नाही, माझ्या बांगड्यांकडे पाहत होत्या. जाळ्यात मासे आले. मला रडू आलं नाही, राग आला. अरे बाबा, मेला असशील तर मेलो म्हण, जिता असशील तर जितो म्हण, हे मधलंच काय लावलं आहेस? ढिवरांनी मासे वाटून घेतले आणि आम्ही घरी आलो.

मग दादानं रेडिओला पत्र टाकलं. त्या काळी संध्याकाळी रेडिओवर हरवलेल्या माणसांची निवेदनं लागायची. अमुक अमुक, वय इतकं, वर्ण सावळा, अंगात पांढरा सदरा, आढळल्यास खालील पत्त्यावर कळवावे. दादा स्वतःचा रेडिओ घेऊन आला होता. अंगणात अर्धं गाव जमलं. नवऱ्याचं नाव आलं, मग आमच्या गावाचं नाव आलं, आणि गावाचं नाव रेडिओवर ऐकून लोकांना इतका आनंद झाला की पोरांनी टाळ्या पिटल्या. सासूच्या मनात मात्र ते शेवटचं वाक्य घर करून बसलं. खालील पत्त्यावर. पत्ता म्हणजे हे घर, आणि घर म्हणजे घरातली माणसं. तिनं मला जवळ बसवून समजावलं, सगळ्या मुलखाले हा पत्ता सांगून झाला, आता आपण हालाचं नाही.

आणि ती हलली नाही, हे मात्र तिचं खरं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. पवनीला डोळ्यांचं शिबिर लागलं, गावातल्या म्हाताऱ्या बैलगाडीत बसून गेल्या आणि हिरव्या पट्ट्या बांधून परत आल्या. ही गेली नाही. तिथं दोन-चार रोज राहावं लागतं, तेवढ्यात तो आला तर? पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर, पुन्हा तेच. मी भांडले, हातापाया पडले, जेवले नाही. होता होता तिचे दोन्ही डोळे गेले. वाट पाहण्यापायी वाटच दिसेनाशी झाली, आणि मग तिच्या जागी पाहायचं काम माझ्याकडे आलं.

ते काम काय होतं ते सांगते. रेडिओवर सांगितलं की शोध लागतो असं नाही, पण माणसं मात्र येतात. कोणी म्हणे त्याला दुर्गच्या स्टेशनवर पाहिला, कोणी म्हणे तुमसरकडे साधू झाला. एकदा दोघं जण एका दाढीवाल्याला धरूनच घेऊन आले. तो काही बोलत नव्हता, नुसता हसत होता. सासू उठली आणि त्याच्या दाढीतून, गालांवरून हात फिरवू लागली. तिचा श्वास ऐकू येत होता. हात फिरवता फिरवता तिनं मान माझ्याकडे वळवली. मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, नीट पाय. मी म्हणाले, नीटच पाहिलं, हा नोहे. तेव्हा तिनं हात काढून घेतले, आणि त्या बिचाऱ्याला मी भाकर वाढली.

त्या दिवसापासून मी पक्की अडकले. सासूचा भाऊबंदांवर काडीचा विश्वास नव्हता. वावर खायला मिळावं म्हणून ते खऱ्याला खोटा म्हणतील आणि जमलं तर खोट्याला खरा, असं तिचं म्हणणं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. म्हणून ओळखायला मीच हवी. दिवाळीला माहेर बंद. माझी आई गेली तेव्हा तिच्या मातीला जाऊन मी दिवेलागणीच्या आत परत आले. गावात हळदीकुंकू असलं की बायकांची पंचाईत व्हायची. मला कुंकू लावावं की वगळावं? एक लावायची, दुसरी माझ्यापाशी आली की करंडा झाकायची. सवासीणही नाही आणि विधवाही नाही. धड रडायची सोय नाही, धड हसायची नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वावरात रोवणीला वाकले की बरं वाटायचं, कारण तिथं कोणी माझ्या तोंडाकडे पाहत नसे.

मी सातवी पास होते. दादानं भंडाऱ्याला नर्सच्या ट्रेनिंगची चौकशी केली. तिथंच राहायचं, जेवण मिळणार, पास झालं की सरकारी नोकरी. मी सासूला विचारलं. दादा स्वतः आला, म्हणाला, माय, तुम्ही बी चला, माह्या क्वार्टरमध्ये राहा. ती म्हणाली, "मी उठली तं पत्ता उठला." दादानं पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. ट्रेनिंगला वयाची अट होती. ती मला दिसायची, वावराच्या टोकाला बांध दिसावा तशी, आणि मी तासागणिक तिच्याकडे सरकत होते. मला नर्स व्हायचं होतं असं नाही. मला त्या दारातून बाहेर पडायचं होतं, कोणत्याही वाटेनं.

मधल्या काळात नागपूरला टीव्ही आला आणि जवाहरनगरच्या क्वार्टरांवर उंच उंच अँटेना उभ्या राहिल्या. टीव्हीवर हरवलेल्यांचे फोटो दाखवतात हे दादाच्या लक्षात आलं. म्हणजे आता नुसतं वर्णन नको, फोटो हवा. आणि फोटो तर एकच. दादानं त्याच्याच प्रती काढून पाठवल्या, एक नागपूरच्या पेपरला आणि एक टीव्हीला. पेपरातल्या कोण्या शहाण्यानं तो पाहिला. दोन माणसं, त्यातल्या एकाचं तोंड दिसत नाही. मग हरवलेलं माणूस म्हणजे दिसतं तेच, नाही का? त्यानं झुडूप कापून टाकलं आणि मला छापलं. वर फोटो माझा, खाली वर्णन त्याचं. उंची पाच फूट सहा इंच, बारीक मिशा, अंगात पांढरा सदरा. टीव्हीवरही तसंच झालं. दादाच्या क्वार्टरमध्ये वीस-पंचवीस माणसं टीव्हीसमोर बसलेली, आणि पडद्यावर त्याची बहीण डोळे वटारून बघते आहे. दादानं दुरुस्तीसाठी पत्रं लिहिली. वर्णन कोण वाचतो, लोक तोंड पाहतात. आसगावात लोक पोट धरधरून हसले. मीही हसले, कारण मला अजून कळलं नव्हतं की हे माझ्यावर शेकणार आहे.

वयाच्या अटीचं शेवटचं वर्ष आलं. दादानं माझा अर्ज परस्पर भरला आणि बोलावणं आलं. दोन दिवसांत जाऊन नाव नोंदवायचं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नाही तर जागा दुसरीला. मी शेजारच्या चुलत जावेला सांगून ठेवलं, सासूचं दोन वेळचं जेवण ती बघणार होती. सकाळी लुगडं पिशवीत भरलं आणि सासूला सांगितलं, माय, मी जाऊन राहिली. ती चाचपडत गेली आणि दाराच्या उंबऱ्यावर बसली, आडवी, पाय पसरून. मी म्हणाले, सरका. नाही सरकली. मी म्हणाले, माय, मी ओलांडून जाईन हो. तरी नाही. शेवटी मी तिला ओलांडून गेले. तिच्या अंगाला माझ्या लुगड्याचा काठ घासला. आमच्याकडे झोपल्या लेकराला कोणी ओलांडत नाही, आणि ही तर सासू.

भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा छाती इतकी हलकी होती की मी उगीचच उसाचा रस प्याले. तिथंच एक सद्गृहस्थ बायकोसह माझ्याकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, ओळखीचे असतील. बायको जवळ आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, घाबरू नको बाई, तू त्या टीव्हीवरची ना? मी म्हणाले, हो, फोटो माझाच, पण मी हरवले नाही. तिचा नवरा म्हणाला, असंच म्हणतात सगळ्या. पाहता पाहता घोळका जमला. मी आवाज चढवला तशी एक म्हातारी म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला वाटते. बरं, कोणी वाईट बोलेना! सगळे इतके प्रेमानं वागत होते की मारायला उठावं तरी कोणावर? त्या बाईनं मला केळी दिली. मग रिक्षात बसवून, दोन्ही बाजूंनी धरून, त्यांनी मला ठाण्यात पोचवलं.

हवालदारानं पेपराचं कात्रण काढलं, माझ्याकडे पाहिलं, कात्रणाकडे पाहिलं.

"फोटो कोणाचा?"

"माझा."

"मग हरवलं कोण?"

"माझा नवरा."

"फोटोत कुठे आहे नवरा?"

"कापला," मी म्हणाले. "साहेब, खाली वाचा ना. मिशा आहेत असं लिहिलंय."

त्यानं खरंच वाचलं, आणि मग खरंच माझ्या ओठांवर पाहिलं. माणूस वाईट नव्हता. ट्रेनिंगचा कागदही त्यानं उलटून-पालटून पाहिला. पण म्हणाला, बाई, उद्या तुझ्या घरचे आले अन् म्हणाले, हाती आलेली कशी सोडली, तर माझी नोकरी जाते. ज्यानं तक्रार दिली त्याच्याच ताब्यात देणार. निरोप मिळताच दादा धावत आला. त्याचं ऐकेनात, बाया पळतात त्यात माहेरच्यांचाच हात असतो म्हणे. तक्रारीवर अंगठा सासूचा, तेव्हा सासूच हवी. पवनीला निरोप गेला, तिथून आसगावच्या कोतवालाला. रात्री हवालदाराच्या बायकोनं मला आपल्या घरी निजवलं, पोटभर जेवू घातलं आणि बाहेरून कडी लावली. आसगावच्या घराला कधी बाहेरून कडी नव्हती, तरी मला दोन्हीत फरक कळेना. मी भिंतीला डोकं टेकून रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडले, आणि ते नवऱ्यासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी कोणी येईना. मी ठाण्याच्या बाकावर बसून एकच मोजत होते, दुपार किती लांब आहे. ट्रेनिंगचं ठिकाण तिथून चालत जाण्याजोगं होतं. शेवटी कोतवालाचा हात धरून सासू आली. कैक वर्षांत ती गावाबाहेर पडली नव्हती. हवालदारानं तिला बसवलं आणि विचारलं, हीच का तुमची? तिनं हात पुढे केला, माझं मनगट चाचपलं, बांगड्या चाचपल्या.

"हेच," ती म्हणाली, आणि मनगट सोडलं नाही.

हवालदार म्हणाला, लावा अंगठा आणि जा घेऊन. दादा काही बोलायला गेला, त्याला गप्प केलं. मी सासूच्या पायापाशी खाली बसले. म्हणाले, माय, आज गेली नाही तं मंग कधीच नाही, वय सरून राहिलं माहं. मी दर सुट्टीले येईन, नोकरी लागली का तुम्हाले घेऊन जाईन, पण आज सोडा.

"तू गेली अना तो आला, तं त्याले ओळखीन कोण?" ती म्हणाली. "मले डोळे नाही. तुले मी कायले धरून ठेवली वो, भांडे घासाले?"

मी लगेच बोलायला तोंड उघडलं. तो आला तर मी धावत येईन, मी ओळखेन, असं सांगणार होते. आणि सांगण्यासाठी मी त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले, तर तो येईना. नाक कसं होतं? कपाळ? मला त्याची पाठ आठवत होती. गुंडाखाली वाकलेला खांदा, ताटापुढे मांडी घालून बसलेले गुडघे, पायाची लांब बोटं, टाचेला पडलेली चीर. मान खाली घालून चार-पाच महिने जे जे दिसतं ते सगळं. तोंड नाही. दाढीवाल्याला नाही म्हणाले तेव्हा तर होतं माझ्यापाशी. कधी गेलं, कुठे गेलं, मला पत्ताच नव्हता. मी खूप घाबरले.

"माय," मी म्हणाले, "मले बी नाही आठवत त्याचं तोंड. तो आता ह्या दारातून आला, तं मी बी नाही ओळखणार."

हवालदारानं शाईचा डबा पुढे सरकवला, कोतवालानं सासूचा अंगठा धरायला हात पुढे केला, तर तिनं हात मागे घेतला. माझ्या मनगटावरची तिची बोटं एकेक करून सुटली.

"हे हरवली नाही, साहेब," ती म्हणाली. "हरवला तो माहा पोरगा. इले जाऊ द्या."

हवालदार दादाकडे पाहू लागला. दादानं माझी पिशवी उचलली. सासू कोतवालाचा हात शोधत उठली आणि दारापाशी जाऊन थांबली. मी जिथे नव्हते तिकडे तोंड करून तिनं विचारलं,

"मंग इतके साल कायले बसून होतीस वो बाई?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. कोतवाल म्हणाला, चाल माय, बस सुटते, आणि ती त्याला धरून पायऱ्या उतरू लागली.